नागपुरात एमएस्सी वाटून शिकवायची तर : विभागप्रमुखांसाठी कामाची टिपणे

दोन संस्थांनी मिळून एमएस्सी चालवायची असे ठरले, की पहिली बैठक हमखास पदवीच्या कागदावर येऊन अडते. बोधचिन्ह कोणाचे, सही कोणाची, नाव आधी कोणाचे. या वादात एक शैक्षणिक वर्ष सहज निघून जाते आणि ज्या दोन प्राध्यापकांना खरेच एकत्र शिकवायचे होते, त्यातला एक तोवर निवृत्तीला टेकलेला असतो. म्हणून हा विषय सुरुवातीलाच बाजूला काढा. पदवी एकाच संस्थेची, प्रवेश एकाच संस्थेत; वाटायचे ते फक्त क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवरून ठरणारे विषयाचे वजन. नागपुरात राज्य विद्यापीठ, केंद्राची संस्था, स्वायत्त महाविद्यालय आणि संशोधन संस्था अशा वेगवेगळ्या कायद्या-नियमांनी चालणाऱ्या चार प्रकारच्या जागा आहेत. त्यांना एका पदवीपत्रावर आणणे शक्य असेलही, पण ते विभागाच्या पातळीवरचे काम नव्हे.

संयुक्त पदवीचा आग्रह धरणारे बहुधा यूजीसीच्या २०२२ च्या ट्विनिंग, संयुक्त व दुहेरी पदवीच्या नियमावलीचा हवाला देतात. ती नियमावली भारतीय आणि परदेशी संस्थांमधल्या सहकार्यासाठी आहे. अमरावती रोडवरचे नागपूर विद्यापीठ आणि दक्षिण अंबाझरी रोडवरची व्हीएनआयटी (केंद्राची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयटी) यांच्यातल्या व्यवहाराला ती लागू होत नाही. प्रस्तावात तिचा उल्लेख राहिला, तर विद्या परिषदेतला एखादा जाणकार सदस्य तेवढ्यावरच फाइल परत पाठवेल. तुमचा आधार वेगळा आहे : अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची (विद्यार्थ्याचे क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेची) २०२१ ची नियमावली. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवायचे, बाकीचे बँकेत नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेतून आणता येतात. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात एवढे लिहिले की पुरे.

८८ पैकी किती बाहेर द्यायचे

राज्याच्या नव्या रचनेत दोन वर्षांच्या एमएस्सीला ८८ क्रेडिट आहेत, दर सत्राला २२. अनिवार्य विषयांचे ५४, ऐच्छिकचे १६, संशोधन पद्धतीचे ४, ओजेटीचे (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे) ४ आणि संशोधन प्रकल्पाचे १०. ऐच्छिक, ओजेटी आणि प्रकल्प यांची बेरीज ३० होते, म्हणजे एकूणाच्या ३४ टक्के. अनिवार्य विषयांना हातही न लावता एवढे क्रेडिट दुसऱ्या संस्थेत करता येतात आणि ५० टक्क्यांची अट आसपासही येत नाही. नवा अभ्यासक्रम मंजूर करून घेण्याची गरज इथेच संपते.

तरी तीसच्या तीस पहिल्याच वर्षी बाहेर देऊ नका. पहिले सत्र तर पूर्ण घरीच ठेवा. त्याचे कारण प्रवेशाचे कॅलेंडर. व्हीएनआयटीसारख्या संस्थेत एमएस्सीचे प्रवेश जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतात. ती फेब्रुवारीत होते, त्यामुळे वर्ग ठरल्या तारखेला भरतात. विद्यापीठाला मात्र बीएस्सीच्या शेवटच्या सत्राचे निकाल, मग गुणवत्ता यादी, मग फेऱ्या यांची वाट पाहावी लागते. तुमचा विद्यार्थी पहिल्या तासाला बसतो, तेव्हा तिकडे पहिली चाचणी झालेली असते. दुसऱ्या सत्रापासून हा फरक कमी होतो आणि तिसऱ्यात तो सांभाळण्याजोगा असतो.

पहिल्या तुकडीला १८ क्रेडिट पुरेत : दुसऱ्या सत्रातली ओजेटी ४, तिसऱ्या सत्रातला एक ऐच्छिक विषय ४ आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांतला प्रकल्प १०. विद्यार्थीही आठ ते बारा. साठ जणांना पाठवण्याचा उत्साह ज्यांनी दाखवला आहे, त्यांना प्रयोगशाळेतल्या टेबलांची संख्या कोणी तरी विचारायला हवी होती.

गावात कोणाकडे काय आहे

भागीदार निवडताना संस्थेच्या नावापेक्षा तुमच्या विभागात काय नाही ते पाहा. भौतिक, रसायन आणि गणित यांसाठी व्हीएनआयटी सरळ भागीदार ठरते, कारण तिथे या तिन्ही विषयांची एमएस्सी आहे. त्यामुळे तयार कोड, तयार परीक्षा आणि क्रेडिट जमा करण्याची व्यवस्था मिळते. १९४२ ची एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था), पूर्वी नागपूर विद्यापीठाचाच भाग, २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. औद्योगिक रसायन, तेले, पॉलिमर यांतला ऐच्छिक विषय तिथून घेता येईल, पण आता तो दुसऱ्या विद्यापीठाचा म्हणून घ्यावा लागेल. जुन्या ओळखीवर, 'आपलीच संस्था' म्हणून काम होणार नाही. जैवरसायन आणि प्राणिशास्त्राने पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे पाहायला हवे, आणि हे सहसा कोणाच्या डोक्यातच येत नाही.

भूगर्भशास्त्राला नागपूरसारखे गाव शोधून मिळणार नाही. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय सेमिनरी हिल्सवर, मँगनीजच्या खाणी चालवणारी मॉइल काटोल रोडवर, कोळशाची वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) पुन्हा सिव्हिल लाइन्समध्ये. मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडवर, कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर, सुदूर संवेदनाचे राज्य केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात, ॲल्युमिनियमचे संशोधन केंद्र वाडीला. आणि १९५८ पासूनची नीरी, ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था, आहेच.

मात्र इथे एक फरक पहिल्यापासून लक्षात ठेवा. संशोधन संस्था एमएस्सीची पदवी देत नाही, त्यामुळे तिच्या नावाने क्रेडिट बँकेत भरता येत नाहीत. अशा संस्थेकडून ओजेटी आणि प्रकल्प घ्या. तिथल्या शास्त्रज्ञाकडून एखादा विषय शिकवून हवा असेल, तर विषयाचा कोड, परीक्षा आणि गुणपत्रिका तुमचीच राहील. शास्त्रज्ञ अतिथी अध्यापक. ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. उन्हाळ्यात सलग चार आठवडे, आठवड्याला ३० तास असे घेतले तर ते नीट होते. दर शनिवारी थोडे थोडे असे कधीच होत नाही, कारण केंद्राच्या संस्था शनिवारी बंद असतात.

एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेली दोन महाविद्यालये एकत्र येत असतील तर सगळ्यात सोपे. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, क्रेडिट हलवायचेच नाहीत. फक्त शिकवणे वाटायचे. स्वायत्त संस्थेचे तसे नाही. सिव्हिल लाइन्समधल्या शासकीय विज्ञान संस्थेची पदवी नागपूर विद्यापीठाचीच असली, तरी अभ्यासक्रम आणि परीक्षा तिच्या स्वतःच्या आहेत. तिच्याशी व्यवहार दुसऱ्या विद्यापीठाशी करतो तसाच करा, नाही तर निकालाच्या वेळी दोन्हीकडचे कोड जुळत नाहीत.

मंजुऱ्या, आणि त्यांचा उलटा क्रम

नेहमीचा क्रम असा दिसतो : आधी सामंजस्य करार, पुष्पगुच्छ, फोटो, मग अभ्यास मंडळ, सगळ्यात शेवटी परीक्षा विभाग. तो उलटा करा. पहिली भेट परीक्षा विभागात घ्या आणि एकच प्रश्न विचारा : बाहेरून आलेला विषय तुमच्या गुणपत्रिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे बसतो? 'त्या विषयासाठी वेगळा कोड आणि क्रेडिट हस्तांतरणाचा रकाना' असे उत्तर मिळाले, तर पुढे चला. 'बघू' असे मिळाले, तर आधी तेच काम हाती घ्या. करारातून मैत्री होते, क्रेडिट मिळत नाही.

विद्यापीठात प्रस्ताव अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद असा चढतो. करार आणि पैशाची बाब व्यवस्थापन परिषदेकडे जाते. आणि शेवटी नागपूर विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे डायरेक्शन, म्हणजे विद्यापीठाचा लेखी आदेश, निघते. ते निघेपर्यंत काहीही मंजूर झाले असे समजू नका. एनआयटीत विभाग, मग सिनेट ही तिथली शैक्षणिक निर्णयांची सभा. दोन्हीकडच्या बैठका एकाच महिन्यात पडण्याची वाट पाहू नका, कारण त्या पडत नाहीत. पुढच्या जुलैत तिसऱ्या सत्राचा विषय सुरू करायचा असेल तर आदल्या ऑगस्टमध्ये दोन्ही विभाग बसले पाहिजेत, दिवाळीपूर्वी विषयाचा मसुदा अभ्यास मंडळात, डिसेंबर-जानेवारीत विद्या परिषद, फेब्रुवारीत करार, मार्चमध्ये कोड. एप्रिलनंतर परीक्षांचा हंगाम लागतो आणि कोणी फोन उचलत नाही.

प्रस्तावाला दर विषयाचे एक पान जोडा, जास्त नको. दोन्हीकडचे नाव आणि कोड, क्रेडिट, तास, मूल्यमापन, जागा किती, आधी काय आलेले हवे, कोण शिकवणार, कुठे. 'आधी काय आलेले हवे' हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. पुंज यांत्रिकीचा पहिला भाग न झालेला मुलगा संघनित पदार्थाच्या प्रगत विषयात बसतो आणि तीन आठवड्यांत गळतो.

वेळापत्रक : पूर्ण एक वार

सहकार्य खरे मोडते ते वेळापत्रकावर. सकाळी इथे, दुपारी तिथे असे कधीही लावू नका. विद्यापीठाच्या परिसरातून दुपारी बाराला सुटलेला विद्यार्थी एक वाजता दुसरीकडे पोहोचेल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ज्याच्याकडे गाडी आहे तो पोहोचतो. बाकीचे शहर बससेवेच्या 'आपली बस'ची वाट पाहतात, आणि मेट्रोची कोणतीच लाइन अमरावती रोडने जात नाही. महिन्याभरात निम्मा वर्ग मागच्या बाकावर उशिरा येऊन बसू लागतो, आणि तिकडचे प्राध्यापक 'तुमची मुले' असे म्हणायला लागतात.

उपाय विषयाच्या रचनेतच आहे. ४ क्रेडिटचा विषय २ क्रेडिट तासिका आणि २ क्रेडिट प्रात्यक्षिक असा ठेवा. तासिकेच्या क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला ३०. म्हणजे ३० आणि ६०, एकूण ९० तास. १५ आठवड्यांत आठवड्याला सहा तास. सकाळी १० ते १२ तासिका, दुपारी १ ते ५ प्रात्यक्षिक. झाला एक दिवस. समजा बुधवार ठरला, तर सत्रभर बुधवारी विद्यार्थी पूर्ण दिवस तिकडेच, आणि तुमच्या विभागात त्या दिवशी त्यांना काहीही ठेवायचे नाही. चाचणी नाही, सेमिनार नाही, पाहुण्यांचे व्याख्यानही नाही. हे शेवटचे पाळले जात नाही म्हणून मुद्दाम लिहिले.

पंधरा बुधवार हवे असतील तर कॅलेंडरवर सतरा धरा. नागपूरचे दिवस दोन्हीकडे सारखे नसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत. राज्याच्या कार्यालयांना स्थानिक सुट्टी असते तेव्हा केंद्राच्या संस्थेत वर्ग भरलेले असू शकतात. अशा दिवशी मुले इकडे सुट्टी समजून घरी आणि तिकडे गैरहजर. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनामुळे दीक्षाभूमीच्या चारी बाजूंची वाहतूक आधीपासूनच वळवलेली असते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आले की सिव्हिल लाइन्समध्ये अडथळे, मोर्चे आणि पास. त्या भागातल्या संस्थेत त्या आठवड्यांत प्रात्यक्षिक परीक्षा लावणे म्हणजे परीक्षकालाच अडकवणे. सत्राच्या सुरुवातीला दोन्ही समन्वयकांनी समोरासमोर बसून, दोन्ही सुट्ट्यांच्या याद्या टेबलावर ठेवून, तारखांनिशी सतरा बुधवार लिहावेत आणि तो कागद विद्यार्थ्यांना द्यावा. जेवणाचेही विचारून ठेवा. तिकडच्या मेसमध्ये बाहेरच्यांना त्या एका दिवसाचे कूपन मिळते की नाही, यावर दुपारच्या प्रात्यक्षिकाची हजेरी अवलंबून असते.

प्रात्यक्षिके : आधी घड्याळ, मग यंत्र

'त्यांच्याकडे एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र) आहे' एवढ्यावर प्रात्यक्षिक बसत नाही. हिशेब करून पाहा. पावडर नमुना १० ते ८० अंश, ०.०२ अंशाची पायरी, दर पायरीला अर्धा सेकंद. पायऱ्या ३५००, वेळ १७५० सेकंद, म्हणजे एकोणतीस मिनिटे. नमुना बसवणे, दार बंद करणे, फाइलला नाव देणे धरून पस्तीस. बारा जणांचे बारा नमुने म्हणजे सात तास. तुमच्या हातात आहेत चार. म्हणून दोघांत एक नमुना, सहा नमुने, साडेतीन तास. उरलेल्या अर्ध्या तासात जोड्यांनी शिखरांचे कोन वाचायला सुरुवात करायची. यंत्र एका जोडीकडे असताना बाकीच्या पाच जोड्या काय करतील, हे आधी लिहिलेले हवे : आदल्या आठवड्याचा डेटा घेऊन ब्रॅगच्या सूत्राने स्फटिकातल्या प्रतलांमधले अंतर काढणे. नाही तर त्या पाच जोड्या कॅन्टीनला असतात.

एनएमआर (रेणूची रचना दाखवणारे चुंबकीय अनुस्पंदनाचे यंत्र) विद्यार्थ्यांच्या हाती दिले जात नाही, तशी अपेक्षाही धरू नका. नमुना करायला मात्र त्यांनाच लावा : ५ ते १० मिलिग्रॅम पदार्थ, ०.६ मिलिलिटर ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म, ५ मिलिमीटरच्या नळीत चार-पाच सेंटिमीटर उंची. न विरघळलेला कण राहिला तर रेषा फुगतात, त्यामुळे काचेच्या पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून गाळून घ्या. हा द्रावक आणि या नळ्या महाग असतात. त्या कोणी आणायच्या हे ठरलेले नसेल, तर तिसऱ्या बुधवारी तिकडचा तंत्रज्ञ नम्रपणे सांगतो की यंत्र बंद आहे.

एफटीआयआर (अवरक्त वर्णपटाचे यंत्र) पावसाळ्यात लावायचे असेल तर पोटॅशियम ब्रोमाइडची चकती हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नका. प्रमाण सगळ्यांना माहीत असते, १ ते २ मिलिग्रॅम पदार्थाला १०० ते २०० मिलिग्रॅम ब्रोमाइड. पण ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवलेले ब्रोमाइडही नागपूरच्या पावसाळी हवेत खलताना पाणी पिते. वर्णपटात ३४०० cm⁻¹ च्या आसपास रुंद पट्टा आणि १६४० जवळ दुसरा, असे पाण्याचे पट्टे दिसले की अर्धा वर्ग वहीत 'हायड्रॉक्सिल गट आढळला' असे लिहितो. हा प्रयोग ऑक्टोबरात, किंवा मग चकती न लागणारी एटीआर पद्धत वापरा. उन्हाळ्याचे उलटे : मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना चिलर आणि वातानुकूलन यंत्रे वारंवार ट्रिप होतात, त्यामुळे चौथ्या सत्राच्या प्रकल्पाची मोजमापे मार्चअखेर संपवायची. एप्रिल लिहिण्यासाठी.

गुण, ग्रेड आणि फेरतपासणी

विद्यापीठाच्या पद्धतीत गुणांवरून ग्रेड ठरते. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, असे पुढे. एनआयटीत एए, एबी, बीबी अशी अक्षरे असतात आणि ग्रेड बहुधा वर्गाच्या तुलनेत दिली जाते. त्यामुळे तिकडे ६१ गुणांना एबी, म्हणजे ९ पॉइंट मिळू शकतात. हेच ६१ तुमच्या तक्त्यात घातले तर ग्रेड दोन पायऱ्या खाली येते. दोन्ही आकडे खरेच असतात, आणि विद्यार्थी अर्थातच मोठा घेऊन तुमच्या टेबलासमोर उभा राहतो.

यावर आमचे मत स्पष्ट आहे : ग्रेड पॉइंट आहे तसा उचला, गुण मागूच नका. ज्याने शिकवले त्याने मूल्यमापन केले, तो विषय संपला. अडचण येते ती सॉफ्टवेअरची, कारण ते गुणांशिवाय पुढे जात नाही. मग कोणी तरी शक्कल लढवतो आणि ९ पॉइंटांवरून उलट हिशेब करून ८५ गुण भरतो. हे करू नका. विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकारात उत्तरपत्रिका मागितली, की तिच्यावर ६१ आणि तुमच्या गुणपत्रिकेवर ८५ निघतात, आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नसते. गुणांचा रकाना रिकामा, ग्रेड आणि पॉइंट भरलेले, खाली 'क्रेडिट हस्तांतरित' अशी टीप. ही सोय डायरेक्शनमध्येच लिहून घ्या. आणि एक अट भागीदाराकडून : बाहेरून आलेल्या आठ-दहा जणांसाठी वेगळा वक्र (आपसातल्या तुलनेवर ग्रेड वाटण्याचा आलेख) काढायचा नाही. त्यांना तिथल्या नियमित वर्गातच मोजायचे. आठ जणांचा वक्र म्हणजे एका हुशार मुलाने बाकी सातांना खाली ढकलणे.

फेरतपासणीचाही प्रश्न येतो. विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकनाची सवय असते. तिकडे उत्तरपत्रिका वर्गात दाखवतात आणि दोन दिवसांत विषय बंद होतो. नोंदणीच्या दिवशीच सही घ्या की या विषयाला शिकवणाऱ्या संस्थेचेच नियम लागू राहतील. नापास झाल्यास पुढची संधी कधी, हेही त्याच कागदावर. तिकडचा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर चौथ्या सत्रानंतर त्याच्या एका विषयासाठी पदवी अडकते. म्हणून घरचा एक पर्यायी ऐच्छिक विषय नेहमी तयार ठेवा.

क्रेडिट बँक आणि आडनावाची भानगड

खाते विद्यार्थ्याने डिजिलॉकरमधून स्वतः उघडायचे असते, पण क्रेडिट तो भरू शकत नाही. शिकवणारी संस्था भरते आणि पदवी देणारी संस्था ते उचलते. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. हे सगळे सोपे आहे. अडते ते नावावर. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर बहुतेकांचे नाव आधी. लग्न झालेल्या विद्यार्थिनींचे आणखी वेगळे. नाव जुळले नाही की क्रेडिट लटकतात, आणि ते कळते निकालाच्या दिवशी. नोंदणीच्या आठवड्यात बाराही जणांचे आधार, दहावीची गुणपत्रिका आणि खाते समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वीस मिनिटांचे काम आहे. आणि एकच विषय दोन्ही संस्थांनी भरला असे होऊ देऊ नका. भरण्याची जबाबदारी करारात एकाच पदावर टाका, 'दोन्ही संस्था मिळून' असे नको.

पैसा, आरक्षण, वर्कलोड

विद्यार्थ्याने पैसे एकाच खिडकीवर भरायचे, आपल्या. दुसऱ्या संस्थेने त्याच्याकडून एक रुपयाही घेतला, तर महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ती रक्कम कुठेच बसत नाही आणि ज्याला शिष्यवृत्तीची सर्वांत जास्त गरज आहे तोच या विषयापासून दूर राहतो. दोन संस्थांनी आपसांत जागांची अदलाबदल करावी : तुमचे दहा तिकडे, त्यांचे दहा इकडे. वर्षअखेरीस फरक राहिला तर क्रेडिटमागे ठरलेल्या दराने चुकता करा. रसायने, नळ्या, वायू यांचे बिल मात्र प्रत्यक्ष खर्चाने आणि दर सत्राला. ते वर्षावर गेले की कुणालाच आठवत नाही.

आरक्षणही प्रवेश एकाच ठिकाणी ठेवल्यामुळेच सुटते. राज्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विजा-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) ११, ओबीसी १९, विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) २, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) १० आणि आर्थिक दुर्बल १० टक्के. केंद्राच्या संस्थेत अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, ओबीसी २७ आणि आर्थिक दुर्बल १०. याद्या वेगळ्या, नॉन-क्रीमी लेयरच्या प्रमाणपत्रांचे नमुने वेगळे. संयुक्त प्रवेश म्हटला की या दोन तक्त्यांचा मेळ घालायचा, आणि तो कोणी घालू शकत नाही.

शिक्षकांचे वेगळेच. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. दुसऱ्या संस्थेच्या मुलांना शिकवलेले सहा तास यात धरले जातील असा लेखी आदेश नसेल, तर पहिले वर्ष हौसेवर निघते आणि दुसऱ्या वर्षी विभागात कोणी तरी विचारतो की तुमचे तास कमी कसे. मानधनापेक्षा हा आदेश महत्त्वाचा.

फाटक, विमा, तक्रार

पहिल्या बुधवारी मुले फाटकावर अडवली जातात. छायाचित्रांसह यादी सुरक्षा अधिकाऱ्याकडे आठवडाभर आधी पोहोचवा आणि सत्रभराचे पास काढून घ्या. प्रयोगशाळेतल्या अपघाताचा विमा कोणाचा, हे विमा कंपनीच्या कागदावर वाचून पाहा. बऱ्याच पॉलिसी आपल्या आवारापुरत्याच असतात. लैंगिक छळाची किंवा रॅगिंगची तक्रार आली तर कोणत्या समितीकडे जायचे, हे विद्यार्थिनीला शोधत बसावे लागू नये. ती कुठेही तक्रार देऊ शकेल आणि दोन्ही समित्या एकमेकींना कळवतील, असे लिहा. नियतकालिकांच्या सोयीची चिंता पूर्वीइतकी नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्यावर सरकारी संस्थांना ती एकाच व्यवस्थेतून मिळतात. भागीदार खासगी विनाअनुदानित असेल तर मात्र विचारून घ्या.

करार सगळ्यात शेवटी, चार पानांचा

मुदत पाच वर्षे. समन्वयकाचे पद लिहा, व्यक्तीचे नाव नको. प्रकल्पातला डेटा आणि नमुने कोणाचे, शोधनिबंधावर नावांचा क्रम कोण ठरवणार, पेटंट झाले तर वाटणी कशी, हे प्रकल्प सुरू होण्याआधीच. हजेरी दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत घरच्या विभागाकडे, म्हणजे ७५ टक्क्यांचा घोळ सत्राअखेर उघडा पडत नाही. ग्रेड परीक्षेनंतर २१ दिवसांत. आणि बाहेर पडण्याचे कलम : कोणत्याही संस्थेला सहा महिन्यांची सूचना देऊन थांबता येईल, पण ज्यांची नोंदणी झाली आहे त्या विद्यार्थ्यांचे विषय, प्रकल्प आणि नापासांची एक फेरपरीक्षा पूर्ण केल्याशिवाय नाही. सही होण्याआधी हे एक कलम दोन्ही परीक्षा विभागांना वाचायला द्या. ते काय खोडतात ते पाहा, आणि मग तारीख ठरवा.